धुकें आणि पिवळा दिवा

मोटारीच्या पुढच्या अंगास, बंपरच्या पोटांत, खालच्या बाजूला जे दोन लहान दिवे असतात त्यांस धुक्याचे दिवे किंवा सर्वांच्या तोंडीं रुळलेल्या शब्दांत फॉग लॅम्प असें म्हणतात. या दिव्यांना घरच्या घरीं पिवळा रंग देण्याची हौस अलीकडे आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांतूनहि बरीच फैलावली आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आला, कीं रेडियमचें काम करणाऱ्यांच्या दुकानांतून पिवळ्या पारदर्शक फिल्मचे तुकडे विकले जाऊं लागतात. आणि रविवारीं सकाळीं सोसायटीच्या आवारांत तरुण मंडळी बादली, फडकीं व पातें घेऊन मोटारीपुढें उकिडवी बसलेली दिसते. हौस स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, आणि आपल्या हातानें कांहीं केल्याचा आनंद देणारी आहे. तिच्यावर टीका करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु या मंडळींपैकीं कोणासहि ‘हा रंग कशासाठीं?’ असें विचारलें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : ‘पिवळा प्रकाश धुकें भेदून जातो.’ हें उत्तर खरें नाहीं. ज्या रस्त्याच्या एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी, त्या रस्त्यावर असा खोटा भरंवसा बाळगून मोटार हांकणें हें प्रत्यक्ष धुक्याहूनहि अधिक भयंकर होय.

या विषयांत आम्ही शिरलों त्यास कारण आमचा भाचा. नोकरीच्या निमित्तानें त्यास कोल्हापूर व सावंतवाडी यांच्यामध्यें आठवड्यांतून दोनदां ये-जा करावी लागते, आणि त्याची वाट आंबोलीच्या घाटांतून आहे. ज्यांनीं आषाढांतली आंबोली पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको. तेथें धुकें पडतें असें म्हणण्यापेक्षां ढगच रस्त्यावर उतरून बसतो, असें म्हणणें अधिक यथार्थ. त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, त्या दोन रात्रीं त्याचा फोन आल्यावांचून पानावर बसत नाहीं. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं चिरंजीवांनीं धुक्याच्या दिव्यांना आणि त्याच उत्साहाच्या भरांत वरच्या मोठ्या दिव्यांनाहि पिवळी फिल्म डकविली, आणि आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें, ‘मामा, आतां धुक्यांतूनसुद्धां साठाच्या वेगानें घाट उतरतां येईल.’ तो साठाचा आंकडा ऐकून आम्हीं पदार्थविज्ञानाचीं जुनीं पुस्तकें पुन्हां उघडलीं, नवीं मिळविलीं, आणि एक-दोन जाणत्या गृहस्थांशीं चर्चाहि केली. तिचें सार वाचकांपुढें ठेवतों.

धुक्याला संस्कृतांत नीहार, मिहिका, कुज्झटिका असे अनेक शब्द आहेत. पराशर ऋषींनीं यमुनेच्या पात्रांत नौकेभोंवतीं नीहार उत्पन्न केल्याची महाभारताच्या आदिपर्वांतील कथा वाचकांस ठाऊक असेलच. दोन्ही तीरांवर ऋषि उभे असतां मधली नौका कोणाच्या दृष्टीस पडूं नये, एवढाच त्या नीहाराचा उपयोग होता. कथेचा इतर भाग येथें अप्रस्तुत आहे. आम्हांस घ्यावयाचें तें इतकेंच, कीं धुकें हा पडदा आहे, आणि तोहि पांढरा शुभ्र पडदा. त्यावर जितका अधिक प्रकाश फेंकावा तितका तो उजळून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. घाटांत धुकें लागलें, कीं नवशिके लोक घाबरून ‘अप्पर’ लावतात, आणि तत्क्षणीं मोटारीपुढें चुन्याची भिंत उभी राहते, तें याचमुळें.

आतां प्रश्न असा, कीं पिवळा प्रकाश या पडद्यांतून अधिक आरपार जातो काय ? याचा निकाल लावण्यास प्रयोगशाळेंत जाण्याची गरज नाहीं; देवघर आणि स्वयंपाकघर पुरेसें आहे. देवापुढें लावलेल्या उदबत्तीच्या टोंकांतून निघणारी धुराची रेघ एखाद्या काळसर वस्तूच्या पुढें, बाजूनें उजेड येईल अशा रीतीनें पहावी. ती निळसर दिसते. मग चुलीवरच्या चहाच्या आधणांतून निघणारी वाफ पहावी. ती पांढरी दिसते. दोन्ही ठिकाणीं हवेंत तरंगणारे सूक्ष्म कणच आहेत. मग रंगांत हा भेद कां? भेद कणांच्या आकारमानाचा आहे. कण जर प्रकाशाच्या लहरीहून बरेच लहान असतील, तर ते निळा व जांभळा प्रकाश फार विखुरतात आणि तांबडा-पिवळा त्यामानानें पुष्कळसा सरळ जाऊं देतात. हा नियम लॉर्ड रॅले यांनीं १८७१ सालीं गणितानें सिद्ध केला. आकाश निळें कां दिसतें याचेंहि उत्तर त्यांतच आहे. विखुरण्याचें प्रमाण लहरीच्या लांबीच्या चतुर्थ घाताशीं व्यस्त असतें. त्या हिशेबानें जांभळा प्रकाश तांबड्याच्या नऊपटीहून अधिक विखुरतो. पिवळ्या दिव्याचे कैवारी जाणूनबुजून किंवा नकळत या नियमावर विसंबलेले असतात.

परंतु धुकें हें उदबत्तीच्या धुराच्या जातीचें नव्हे. तें चहाच्या वाफेच्या जातीचें आहे. धुक्यांतील जलबिंदूंचा व्यास सामान्यतः १० ते २० मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा बिंदु आपणांस कितीहि सूक्ष्म वाटला, तरी दृश्य प्रकाशाची लहर अवघी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे बिंदु लहरीच्या वीस ते चाळीस पट झाला. त्याला रॅले यांचा नियम लागू होत नाहीं. अशा मोठ्या गोल कणांचें गणित गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें १९०८ सालीं मांडलें, आणि त्यावरून असें दिसतें, कीं धुक्याचे बिंदु सर्व रंगांना जवळजवळ सारख्याच उदारपणें विखुरतात. धुकें पांढरें दिसतें, हाच याचा पुरावा. तें जर निळ्याला अधिक अडवून पिवळ्याला वाट देणारें असतें, तर उदबत्तीच्या धुराप्रमाणें निळसर दिसलें असतें.

मग ही समजूत इतकी दूरवर पसरली कशी ? पिवळ्या दिव्यांचें माहेर फ्रान्स देश. तेथें १९३६ सालीं सरकारी हुकूम निघून मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असले पाहिजेत असें ठरलें. १९३७ पासून नव्या गाड्यांना व १९३९ पर्यंत जुन्यांनाहि तो नियम लागू झाला. सामान्य पिवळा नव्हे, तर पांढऱ्या प्रकाशांतून निळा-जांभळा भाग तेवढा गाळून उरलेला. त्याला परिभाषेंत ‘निवडक पिवळा’ असें म्हणतात. दिव्याची कांचच कॅडमियम घालून पिवळी बनवीत. युद्धाचे ढग जमत होते, म्हणून शत्रूच्या गाड्यांहून आपल्या गाड्या ओळखूं याव्यात यासाठीं ही युक्ति काढली, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका मोठी चटकदार आहे. पण खरें कारण साधें होतें. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानें डोळे दिपूं नयेत, एवढाच हेतु. फ्रान्सनें हा नियम अर्धशतकाहून अधिक काळ पाळला आणि १९९३ सालीं, युरोपांतील इतर देशांशीं एकवाक्यता करण्याकरितां, तो सोडून दिला. मध्यंतरीं १९७६ सालीं नेदरलंड्समध्यें या प्रश्नाचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष असा, कीं रहदारीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनें पांढरे आणि पिवळे दिवे जवळपास समसमान आहेत. एका अख्ख्या राष्ट्राच्या इतक्या वर्षांच्या अनुभवांतून शेवटीं एवढेंच निघालें.

आपल्याकडे या समजुतीला सोडियमच्या पिवळ्या दिव्यांनीं आणखी बळकटी आणली असावी. शहरांतील हमरस्त्यांवर वर्षानुवर्षें तेच दिवे असत. अलीकडे त्यांची जागा पांढऱ्या एलईडींनीं घेतली. ‘सरकारनें पिवळे दिवे लावले ते कांहीं उगाच नव्हेत’, असा तर्क लोक करीत. उगाच नव्हते हें खरें. पण तें विजेच्या काटकसरीसाठीं होतें. थोड्या विजेंत पुष्कळ उजेड देण्यांत सोडियमचा दिवा त्या काळीं अग्रगण्य होता. त्याचा धुक्याशीं कांहीं संबंध नव्हता.

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं पिवळा रंग म्हणजे निव्वळ थोतांड. तसेंहि नाहीं. रंगाचा उपयोग धुक्यावर होत नसला, तरी डोळ्यांवर होतो. आपल्या डोळ्यांतील भिंग सर्व रंग एकाच जागीं एकवटूं शकत नाहीं. तांबडा-पिवळा प्रकाश पडद्यावर नीट पडला, तर निळा त्याच्या किंचित् अलीकडेच एकवटतो आणि त्याची कडा पुसट होते. शिवाय ज्या ठिकाणीं दृष्टि सर्वांत तीक्ष्ण असते त्या मध्यबिंदूवर निळा ओळखणाऱ्या पेशी अगदीं थोड्या असतात. म्हणजे निळा भाग पाहण्यास फारशी मदत करीत नाहीं, आणि दिपविण्यास मात्र पुढें असतो. उतारवयांत डोळ्यांचें भिंग गढूळ होऊं लागलें, कीं हा त्रास वाढतो. साठी उलटल्यावर रात्रीच्या प्रवासांत समोरच्या पांढऱ्या-निळ्या दिव्यांनीं आम्हांस किती हैराण केलें आहे, तें आमचें आम्हीं जाणतों. नव्या एलईडी दिव्यांत निळ्याचा अंश बराच असतो. तो गाळला गेला, तर धुक्यांतून उलट येणारा प्रकाश डोळ्यांस कमी बोचतो आणि तासाभराच्या घाटांत डोळे कमी शिणतात. दिसण्याचें अंतर वाढत नाहीं. पाहण्याचे कष्ट कमी होतात. या दोन गोष्टींतला भेद भाच्यास समजावून देण्यास आम्हांस दोन संध्याकाळ लागल्या.

हा लाभ फुकट मिळत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. गाळणें म्हणजे कमी करणें. फ्रान्समधल्या काळजीपूर्वक बनविलेल्या पिवळ्या दिव्यांतहि शंभरांतले सुमारें बारा ते पंधरा भाग प्रकाश खर्ची पडे. बाजारांतली गडद फिल्म याहून कितीतरी अधिक खाते. म्हणून रंगाची निवड महत्त्वाची. आम्हीं त्यासाठीं एक घरगुती माप ठरविलें आहे. फिल्म पांढऱ्या कागदावर ठेवून पहावी. ती पिकल्या लिंबाच्या सालीसारखी फिकट दिसली, तर उत्तम. हळदीसारखी दिसली, तर विचार करावा. केशराकडे झुकूं लागली, तर दुकानदारास सविनय परत द्यावी. कारण केशरी रंग हा वळण दाखविणाऱ्या इंडिकेटरचा रंग आहे, आणि धुक्यांत समोरच्या माणसाची त्यानें गल्लत झाली, तर परिणाम काय होईल हें सांगावयास नको. ज्यांच्या मोटारींत जुन्या पद्धतीचे हॅलोजनचे दिवे आहेत, त्यांचा प्रकाश मुळांतच पिवळसर असतो. त्यांनीं फिल्मच्या नादीं न लागलें तरी चालेल.

वरच्या मोठ्या दिव्यांस मात्र फिल्म लावूं नये. धुकें नसलेल्या रात्रीं दूरचा खड्डा, गुरूं किंवा पादचारी दिसण्याचें काम तेच करतात. त्यांचा प्रकाश घटविणें म्हणजे वर्षांतल्या दहा रात्रींसाठीं उरलेल्या साऱ्या रात्री अंधुक करून घेणें. भाच्यानें तेथली फिल्म त्याच आठवड्यांत काढून टाकली. मागच्या तांबड्या दिव्यांवर काळसर किंवा कसलीहि फिल्म लावणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्याविषयीं न बोलणेंच बरें.

धुक्याच्या दिव्याचा खरा गुण त्याच्या रंगांत नसून त्याच्या जागेंत आणि झुकावांत आहे, आणि नेमकें तिकडेच कोणाचें लक्ष जात नाहीं. तो रस्त्यापासून २५ सेंटिमीटरच्या खालीं व ८० सेंटिमीटरच्या वर नसावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याचा झोत रुंद, पसरट, आणि वरच्या बाजूस सुरीनें कापल्यासारखा असतो. धुक्याच्या पडद्याचा जो भाग आपल्या डोळ्यांसमोर येतो तेथें प्रकाश पोंचूंच द्यावयाचा नाहीं, खालून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ तेवढी उजळावयाची, ही त्यांतली खुबी. दिवा थोडा वर झाला, कीं ही सारी खुबी संपली. मग तो पिवळा असो कीं जांभळा.

ही तपासणी घरीं करतां येते. सपाट जागेवर मोटार भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर उभी करावी, आंत नेहमींइतकें वजन असावें, आणि चाकांत हवा योग्य असावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपनें मोजून तितक्याच उंचीवर भिंतीवर खडूनें आडवी रेघ मारावी. दिवा लावल्यावर झोताची वरची कडा या रेघेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं आली पाहिजे. म्हणजे शेंकडा दोन उतार झाला. ६० सेंटिमीटर उंचीवरचा दिवा या उतारानें ३० मीटरवर जमिनीस टेकतो. भाच्याच्या मोटारीचा डावा दिवा रेघेच्या वर चार बोटें निघाला. बंपरला केव्हां तरी धक्का बसला असावा. त्यानें पिवळी फिल्म चढविली होती ती अशा आकाशाकडे पाहणाऱ्या दिव्यावर ! मागच्या बाजूचा स्क्रू फिरवून तो खालीं आणण्यास पांच मिनिटें पुरलीं.

आतां त्या साठाच्या आंकड्याकडे वळूं. हिशेब मांडल्यावांचून आम्हां मास्तर मंडळींस चैन पडत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६ मीटरांहून अधिक. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांत मोटार २५ मीटर पुढें गेली. पुढें ओल्या रस्त्यावर दर सेकंदाला ताशीं १८ किलोमीटर या प्रमाणांत वेग उतरत गेला, तर थांबेपर्यंत आणखी २८ मीटर. एकूण ५३. घाटाच्या उतारावर याहून अधिक. आणि आषाढांतल्या धुक्यांत पुष्कळदां २०-२५ मीटरांपलीकडचें दिसत नाहीं ! उलट वेग ३० ठेविला, तर तोच हिशेब साडेएकोणीस मीटरांवर येतो. हें गणित भाच्यानें स्वतः कागदावर करून पाहिलें. उत्तर भारतांत यमुना द्रुतगति मार्गावर हिवाळ्यांत वेगमर्यादा उतरवितात ती याच हिशेबानें. तेथें दिव्यांचा रंग कोणी विचारीत नाहीं.

एवढें सर्व मान्य करून, डोळ्यांच्या सुखासाठीं ज्यांस फिल्म लावावयाचीच आहे, त्यांच्याकरितां कृति देतों. दिवसाउजेडीं, वारा व धूळ नसलेल्या जागीं काम करावें. दिवा थंड असावा. तो साबणाच्या पाण्यानें धुवून, स्पिरिटच्या बोळ्यानें पुसून, स्वच्छ मऊ फडक्यानें कोरडा करावा. एक कण राहिला तरी तेथें फोड दिसतो. कागदाचा नमुना कापून त्याहून चारी बाजूंनीं बोटभर मोठी फिल्म कापावी. फवाऱ्याच्या बाटलींत पाणी घेऊन त्यांत लहान मुलांच्या शांपूचे दोन-चार थेंब टाकावे, आणि दिव्याची कांच व फिल्मची चिकट बाजू दोन्ही चांगलीं भिजवावीं. त्यामुळें फिल्म लगेच चिकटत नाहीं. सरकवून नीट बसवितां येते. मग निरुपयोगी झालेलें एटीएमचें कार्ड मऊ फडक्यांत गुंडाळून मध्यापासून कडेकडे पाणी दाबून काढावें. गोलाईवर सुरकुती पडली, तर केस वाळविण्याच्या यंत्रानें दुरून ऊब देत फिल्म हलकेच ताणावी. घाई केली, कीं ती वितळते किंवा फाटते. जास्तीची कड कापतांना पातें दिव्याच्या कांचेवर टेकवूं नये, कडेच्या फटींतून चालवावें. दिवसभर वाळूं द्यावें, आणि आठवडाभर जोराच्या फवाऱ्यानें मोटार धुवूं नये.

फिल्मऐवजीं रंगाचा स्प्रे मारण्याची एक रीत आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. हल्लींच्या दिव्यांची ‘कांच’ बहुधा कांच नसून पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लॅस्टिक असतें, आणि स्प्रेंतील द्रावकानें त्यावर बारीक तडे जाण्याचा संभव असतो. रंग सारखा बसला नाहीं, तर झोताची ती सुरीनें कापल्यासारखी कडाहि विस्कटते. शाळेंतल्या हस्तकलेचा पिवळा जिलेटिनचा कागद दोऱ्यानें बांधणारे लोक आहेत; तो पहिल्याच सरींत लोळागोळा होतो. आंतल्या बल्बला रंग फांसण्याचा विचार तर मनांतहि आणूं नये. हॅलोजनचा बल्ब इतका तापतो, कीं रंग जळून आरशावर काजळी धरते आणि बल्ब फुटण्याचीहि भीति असते.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. पुढचे धुक्याचे दिवे पांढरे किंवा निवडक पिवळे, दोन्ही चालतात, असें संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं झालेल्या १९ क्रमांकाच्या नियमावलींत आहे. परंतु ती संमति कारखान्यांत तपासलेल्या संपूर्ण दिव्याला आहे. घरीं डकविलेल्या फिल्मची अशी तपासणी कोणी केलेली नसते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. एखाद्या अंमलदारानें हटकलें, तर वाद न घालतां फिल्म सोलून काढावी. ती निघते, हाच तिचा स्प्रेपेक्षां मोठा गुण. ज्यांस ही कटकट नको, त्यांनीं कंपनीचा पिवळा दिवा आपल्या गाडीसाठीं मिळतो काय याची चौकशी करावी.

धुकें सरलें, कीं धुक्याचे दिवे मालवावे. स्वच्छ हवेंत समोरच्यास त्यांचा उपद्रवच होतो. नवरात्राच्या सुमारास घाट मोकळे झाले, म्हणजे फिल्महि काढून टाकावी. उन्हानें ती कडक व ठिसूळ होते आणि मग तुकड्यातुकड्यानें निघते. कोंबट पाण्याचें फडकें दिव्यावर कांहीं वेळ धरून, एका कोपऱ्यापासून सावकाश, कांचेशीं समांतर ओढावी. राहिलेला चीक स्पिरिटच्या बोळ्यानें जातो. त्यासाठीं थिनर वापरूं नये.